जुन्या जिप्सीला बॉडी लिफ्ट : इंदूरच्या नवख्यांसाठी पायरीपायरीने

मोठे टायर आवडले, दुकानात एक चाक बसवून पाहिलं, आणि स्टीअरिंग पूर्ण फिरवल्यावर टायर मडगार्डच्या कडेला घासलं. जुनी मारुती जिप्सी घेतलेल्या बहुतेकांची बॉडी लिफ्टशी ओळख इथून सुरू होते. मग कोणीतरी सांगतं, "दोन इंचाचे गुटके टाका, झालं काम." गुटके टाकायला खरंच फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो बॉडी आणि चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) यांना जोडणाऱ्या नळ्या, केबली, वायरी आणि शाफ्ट नव्या उंचीला जुळवून घेण्यात. तिथे घाई केलेल्या गाड्या मी आपल्याकडे बऱ्याच पाहिल्या आहेत. ब्रेकची नळी ताणलेली, पंखा श्राउडला (त्याच्याभोवतीच्या आवरणाला) घासतोय, स्टीअरिंगचा शाफ्ट जेमतेम दातांवर अडकलेला. नव्याने गाडी घेतलेल्यांना हे सगळं आधीच माहीत असावं म्हणून सविस्तर लिहितोय.

लेख जिप्सी डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. चासीवर वेगळी बॉडी बसवलेल्या जुन्या महिंद्रा जीपलाही यातलं बरंच लागू पडेल, फक्त मापं आपापली घ्यावी लागतील.

बॉडी लिफ्टने काय होतं आणि काय होत नाही

जिप्सीत इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी), पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि दोन्ही अ‍ॅक्सल चासीवर असतात. पत्र्याची बॉडी रबरी माउंटिंगवर ठेवून बोल्टने चासीला धरलेली असते. या माउंटिंगवर गुटके, म्हणजे भरीव गोल ठोकळे, ठेवून फक्त बॉडी वर घेणं म्हणजे बॉडी लिफ्ट. चासी आणि तिच्यावरचं सगळं जागच्या जागी राहतं.

म्हणजेच गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या सगळ्यात खालच्या भागापर्यंतची उंची) बॉडी लिफ्टने वाढत नाही. जिप्सीचा मूळ क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे, आणि दोन इंच लिफ्ट करूनही तो २१०च राहतो, कारण दगडाला आधी लागतो तो अ‍ॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा, आणि तो हललेलाच नसतो. वाढते ती टायरसाठीची जागा. त्या जागेत मोठं टायर घातलंत तर गोळा वर जातो, तोही टायरचा व्यास जेवढा वाढला त्याच्या निम्म्याने.

हिशोब करून पाहा. जिप्सी किंगचं २०५/७० आर १५ टायर साधारण ६६८ मिलिमीटर व्यासाचं. २१५/७५ आर १५ साधारण ७०४ चं. फरक ३६, म्हणजे क्लिअरन्स वाढला १८ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ साधारण ७३४ चं, म्हणजे वाढ ३३ मिलिमीटर. या ३३ मिलिमीटरसाठी आपण एवढा खटाटोप करणार आहोत, हे मनाशी पक्कं असू द्या. २१५/७५ पुष्कळदा लिफ्टशिवायच बसतं. तेवढ्यावर भागत असेल तर तिथेच थांबा, मी मनापासून तेच सुचवीन.

मग लिफ्ट करायचीच कशाला? आपल्या माळव्याची काळी माती हे माझ्या मते सगळ्यात मोठं कारण. पावसाळ्यात चोरल, तिंछा, जानापावच्या बाजूला गाडी शेतरस्त्यावर उतरवली की ही माती टायरला थरावर थर चिकटत जाते आणि टायर व मडगार्ड यांच्यामधली जागा भरून टाकते. दुकानातल्या कोरड्या फरशीवर जे टायर छान फिरतं, तेच इथे शंभर पावलांत जाम होतं. मडगार्डच्या आत हाताचा पंजा आडवा सहज जाईल एवढी मोकळी जागा असेल तर माती स्वतःच्या वजनाने गळून पडते. एक इंचाची लिफ्ट ही जागा मिळवून देते, आणि पाटे, प्रॉपेलर शाफ्टचे कोन, ब्रेकची चाकाकडची होज यांना हात लावावा लागत नाही. सस्पेन्शन लिफ्टच्या (पाट्यांमध्ये बदल करून चासीसकट गाडी उंच करण्याच्या) तुलनेत हा तिचा मोठा फायदा.

एक इंच म्हणजे २५ मिलिमीटर, एवढ्यावर मी थांबेन. दोन इंचांत जवळपास प्रत्येक जोडणी लांब करावी लागते. तीन इंच करून देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा. बोल्ट जितका लांब तितका त्याच्यावरचा वाकवणारा जोर जास्त, आणि गाडीचं वजन वर सरकल्यामुळे सिमरोल घाटासारख्या वळणांवर बॉडी जास्त झुकते.

१. आधी कागद

हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून सोडू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीत कलम १८२ अ आलं. नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे.

त्यामुळे सामान घेण्यापूर्वी नायता मुंडल्याच्या आरटीओत लेखी अर्ज द्या. काय बदल करणार, किती मिलिमीटर, टायर कोणते, हे साध्या भाषेत लिहा आणि पोच घ्या. काउंटरवर कोणी तोंडी "करून टाका, काही होत नाही" म्हणालं तर ते धरून चालू नका. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना, आणि पुढे दर पाच वर्षांनी, गाडी तपासणीला उभी करावी लागते. तेव्हा ते तोंडी बोलणं कामाला येत नाही. परवानगी मिळाली नाही तर अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची नाही. स्वतःच्या शेतावर किंवा खासगी ट्रॅकवर वापरायची असेल तर ट्रेलरवर घालून न्यायची.

विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेला पडला तर दावा अडतो.

फाईलमध्ये एवढं ठेवा :
- आरसी, फिटनेस किंवा नूतनीकरणाचा कागद, विमा, पीयूसी
- आरटीओला दिलेल्या अर्जाची पोच आणि त्यांचं लेखी उत्तर
- विमा कंपनीला पाठवलेलं पत्र किंवा ईमेल
- बदल करण्यापूर्वीचे चारही बाजूंचे आणि खालून काढलेले फोटो
- बोल्ट, गुटके, होज यांची बिलं

२. गाडी मूळ उंचीवर तरी आहे का?

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. जिप्सी भारतात १९८५ पासून आहे. आज हाती येणारी गाडी कित्येक मालकांच्या हातून, काही वेळा लष्कराच्या लिलावातून, फिरत आलेली असते. पाटे बसलेले, शॅकलचे बुश खाल्लेले, बॉडी माउंटिंगची रबरं चपटी होऊन कडेने फाटलेली. अशी गाडी मूळ उंचीपेक्षा मुळातच खाली असते.

सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर माप घ्या. डावं-उजवं जुळत नसेल तर एका बाजूचे पाटे थकले आहेत. पाटे नवे घाला किंवा चांगल्या कमानवाल्याकडून पुन्हा कमान भरून घ्या. माउंटिंगची रबरंही बदला. एवढं झाल्यावर टायर पुन्हा बसवून पाहा. बऱ्याच गाड्यांना एवढ्यानेच हवी ती जागा मिळते, आणि कायद्याचा प्रश्नही उरत नाही.

चपटी, कडक झालेली रबरं तशीच ठेवून त्यांच्यावर गुटके घालणं मात्र कधीच करू नका. गाडी खडखडते आणि बोल्ट ढिले होत राहतात.

३. गंज

टॉर्च, जाड स्क्रूड्रायव्हर आणि छोटी हातोडी घेऊन गाडीखाली जा. प्रत्येक माउंटिंगच्या वरचा बॉडीचा पत्रा आणि खालचं चासीवरचं ब्रॅकेट ठोकून पाहा. चांगला पत्रा टणक वाजतो. सडलेला पत्रा बद्द आवाज देतो आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यात रुतायला लागतं. मागच्या चाकांच्या वरच्या बाजूला आणि पुढच्या सीटखालच्या आडव्या पट्ट्यांच्या टोकांना जास्त लक्ष द्या. काळी माती तिथे भरून राहते आणि दिवाळीपर्यंत आतून ओलीच असते.

एकही माउंटिंग सडलेलं असेल तर लिफ्ट बाजूला ठेवा. आधी तिथला पत्रा कापून नवा जाड पत्रा वेल्ड करून घ्या. गुटक्यांवर आल्यावर बोल्टचा सगळा जोर त्या छोट्या गोल जागेवर येतो, सडलेला पत्रा फाटून बॉडी एका कोपऱ्यात बसते.

४. सामान

गुटके कशाचे, हा पहिला प्रश्न. सांवेर रोडला किंवा पोलोग्राउंडच्या बाजूला खरादवाल्याकडे (लेथवाल्याकडे) गेलात तर तो बहुधा म्हणेल, "नायलॉन का बना देता हूँ भिया, मस्त चलेगा." नायलॉन चालतं, पण ते ओलावा शोषून थोडं फुगतं. डेलरिन (एक कडक प्लास्टिक) त्यापेक्षा चांगलं, ओलावा फारसा घेत नाही आणि दाबाखाली आकार धरून ठेवतं. अ‍ॅल्युमिनियम मजबूत, पण लोखंडाला लागून ओल्यात राहिलं की दोन धातूंच्या जोडीला गंज लवकर धरतो. घालायचंच तर रंग किंवा ग्रीस लावून घाला. लाकूड, वायसरची थप्पी, पाइपचे तुकडे यातलं काहीही वापरू नका. पाइपची कड बारीक असते आणि ती पत्र्यात रुतत जाते.

खरादवाल्याला तोंडी माप सांगू नका, कागदावर चित्र काढून द्या. बाहेरचा व्यास मूळ रबराएवढा, किंचित जास्त चालेल. मधलं भोक बोल्टपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर मोठं, जास्त नको, नाहीतर गुटका सरकतो. उंची सगळ्यांची सारखी. हातात आल्यावर सगळे गुटके काचेवर शेजारी शेजारी उभे करा आणि वर पट्टी ठेवा. एखादा डुलत असेल तर तो परत करा. माउंटिंग किती आहेत ते आधी स्वतःच्या गाडीखाली मोजा. मॉडेलप्रमाणे आणि हार्ड टॉप, सॉफ्ट टॉपप्रमाणे फरक पडतो, शिवाय जुन्या मालकाने काही काढून टाकलेली असू शकतात.

बोल्ट सियागंजला मिळतील. "एचटी बोल्ट" म्हणून मागा आणि माथ्यावर ८.८ किंवा १०.९ हा मजबुतीचा आकडा कोरलेला आहे का ते बघूनच घ्या. कोरीव आकडा नसेल तर परत ठेवा. लांबी म्हणजे मूळ बोल्ट अधिक गुटक्याची उंची. पुढचे, मधले, मागचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात, म्हणून प्रत्येक ठिकाणाहून एकेक मूळ बोल्ट काढून दुकानात सोबत न्या. चुडी (बोल्टचे आटे) बारीक आहे की जाड, हे नट फिरवून दुकानातच पाहा. जबरदस्तीने बसवलेला बोल्ट बॉडीतला वेल्ड केलेला नट खराब करतो.

बाकी हत्यारं :
- गोटी पान्यांचा सेट, लांब दांडा, रिंग पाने
- टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरानेच बोल्ट घट्ट करता येणारा पाना (नसेल तर भाड्याने किंवा मित्राकडून, पण हवाच)
- दोन बॉटल जॅक, चार मजबूत घोड्या (जॅक स्टँड)
- जाड लाकडी ठोकळे आणि फळ्या, दोन-तीन वेगळ्या जाडीच्या
- गंज सोडवणारं तेल, तारेचा ब्रश, चुडीला लावायला ग्रीस
- नायलॉक नट, जाड रुंद वायसर
- पेट्रोलसाठीची होज आणि क्लिप, ब्रेक ऑइलचा नवा डबा
- पांढरा ऑइल पेंट आणि बारीक ब्रश, खुणांसाठी

एक माणूस सोबत हवाच. एकट्याने करायचं हे काम नाही.

५. बॉडी आणि चासी यांच्यामधली यादी

सगळ्या कामाचा जीव या पायरीत आहे. अजून एकही बोल्ट सैल करायचा नाही. वही घेऊन पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत जा आणि एक टोक बॉडीला, दुसरं चासीला किंवा इंजिनला असलेली प्रत्येक गोष्ट लिहा. समोर तिची मोकळी लांबी लिहा : ढिली आहे, जेमतेम आहे, की ताणलेली आहे.

साधारण या गोष्टी सापडतील. स्टीअरिंगचा शाफ्ट. मास्टर सिलिंडरपासून खाली जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या. क्लचची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर चोकची केबलही. रेडिएटरच्या वरच्या-खालच्या होज. हीटर असेल तर त्याच्या होज. इंजिनपासून ब्रेक सर्व्होकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी. ट्रान्सफर केसपासून मीटरपर्यंतची स्पीडोमीटरची केबल. हँडब्रेकची केबल. गिअरचा आणि फोर-व्हीलचा दांडा. पेट्रोल भरण्याच्या तोंडापासून टाकीपर्यंतची जाड नळी आणि तिच्या शेजारची हवेची बारीक नळी. इंजिनकडे आणि मागे जाणारी वायरिंग. आणि सगळ्यात जास्त विसरली जाते ती अर्थची पट्टी, म्हणजे बॉडीला इंजिनशी किंवा चासीशी जोडणारी विजेची जाड पट्टी.

या पट्टीबद्दल दोन वाक्यं जास्त. ती ताणून तुटली किंवा काढून लावायची राहिली, तर स्टार्टर मारताना करंट परतीसाठी दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे बहुधा क्लचची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल. केबल आतून तापून चिकटते. लिफ्टनंतर अ‍ॅक्सिलरेटर अडकायला लागला की लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात, आणि दोष असतो वीतभर पट्टीचा. नवी, थोडी लांब, जाड पट्टी आधीच आणून ठेवा.

यादीत "जेमतेम" किंवा "ताणलेली" असं जे लिहिलंय, ते लिफ्टच्या आधी सोडवायचं. नंतर नव्हे.

६. बोल्ट सैल करणे

आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी प्रत्येक बोल्टच्या चुडीवर गंज सोडवणारं तेल मारा. कामाच्या दिवशी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, टाकीत पेट्रोल कमीत कमी असू द्या, चाकांना पुढून-मागून ओट (अडसर) लावा.

गोटी पाना पूर्ण बसवून हळू, सरळ जोर द्या. जुना बोल्ट सुटताना "कट्" असा एकच आवाज येतो आणि मग तो फिरायला लागतो. फिरतोय पण बाहेर येत नाही, पान्याला रबरासारखा लवचिक झोल जाणवतोय, तर थांबा. आतला वेल्ड केलेला नट सुटून बोल्टबरोबर फिरतोय. जोर लावत राहिलात तर पत्रा फाटेल. अशा वेळी वरून, मॅट उचलून, त्या जागी फरशीच्या पत्र्यात छोटी खिडकी कापून नट पान्याने धरावा लागतो. काम झाल्यावर ती खिडकी पत्र्याने बंद करून सीलंट लावा. ग्राइंडर किंवा गॅस वापरायचा असेल तर पेट्रोलची नळी आणि टाकी यांच्यापासून लांब, आणि आग विझवायचं यंत्र हाताशी ठेवून.

सगळे बोल्ट सैल करायचे, काढायचे नाहीत. काढायचे फक्त एका बाजूचे.

७. उचलणे

समजा डाव्या बाजूचे बोल्ट काढले. उजव्या बाजूचे चार-पाच आटे ढिले करून तसेच अडकवून ठेवा, म्हणजे बॉडी सरकणार नाही. डाव्या बाजूला चासीशेजारी जॅक लावा, त्याच्यावर रुंद फळी, आणि फळी माउंटिंगजवळच्या मजबूत पट्टीखाली. सपाट फरशीच्या पत्र्याखाली जॅक लावला तर फरशी वर फुगते, बॉडी जागीच राहते.

एका माणसाने जॅक मारायचा, दुसऱ्याने फक्त बघायचं. पाचव्या पायरीतली यादी हातात धरून त्याने प्रत्येक जोडणीवरून नजर फिरवत राहायची. काहीही ताणताना दिसलं की "थांब" म्हणायचं. बॉडी आणि चासीमधली फट उघडत जाईल तसतसे लाकडी ठोकळे आत सरकवत जा. बोटं त्या फटीत घालायची नाहीत, गुटका ठेवताना तो लांब चिमट्याने किंवा काठीने ढकलायचा. बॉटल जॅकचं सील कधी बसेल सांगता येत नाही.

रबर खाली, त्यावर गुटका, त्यावर बॉडी. रबराच्या आत लोखंडी नळी असेल तर ती जागेवर आहे ना ते पाहा. बोल्ट घट्ट केल्यावर दाब त्या नळीवर येतो आणि रबर चेंगरत नाही. नवे बोल्ट हाताने फिरवून निम्मे आत घ्या, मग जॅक उतरवा. नंतर उजवी बाजू तशीच. कुठलाही बोल्ट पान्याने घट्ट करायचा नाही, जोपर्यंत सगळे बोल्ट हाताने बसलेले नाहीत.

८. स्टीअरिंग

उचलण्यापूर्वीच शाफ्ट आणि कपलिंग यांच्यावर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवा. स्टीअरिंग बॉक्स चासीवर, कॉलम बॉडीवर, त्यामुळे बॉडी वर गेली की शाफ्ट कपलिंगमधून थोडा बाहेर सरकतो. क्लॅम्पचा बोल्ट ढिला करून त्याला सरकू द्या, रेघ जुळती ठेवा, आणि मग पाहा : शाफ्टचे दात क्लॅम्पच्या पूर्ण रुंदीत आहेत का? क्लॅम्पचा बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून जातोय का?

दोन्हीचं उत्तर स्पष्ट "हो" असेल तरच पुढे. थोडंसं कमी पडतंय, असं वाटलं तर बॉडी खाली घ्या किंवा त्या मापाचा तयार एक्स्टेन्शन मिळवा. शाफ्ट कापून मध्ये तुकडा वेल्ड करून देतो म्हणणारे कारागीर मिळतील, आणि त्यांची वेल्डिंग दिसायला सुंदरही असेल. नको. घाटात तो जोड सुटला तर हातात फक्त चाक राहतं.

रबरी कपलिंगला भेगा असतील तर याच वेळी बदला.

९. बाकीच्या जोडण्या

ब्रेकच्या धातूच्या नळ्यांना कारखान्यातून काही वळणं दिलेली असतात. ती हाताने, हलकेच थोडी उघडली तर एका इंचाला पुरतात. नळी एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवू नका, ती तिथे चिरते. कमी पडत असेल तर लांब नळी बनवून घ्या. नळी उघडली की चारही चाकांवरून हवा काढणं आलंच. मग पेडल दाबून धरून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा, ओला झाला तर गळती आहे.

तुमच्या गाडीत रेडिएटर बॉडीला धरलेला असेल तर तो वर गेलेला असतो, पंखा मात्र इंजिनवर, जुन्याच जागी. पंखा हाताने पूर्ण एक चक्कर फिरवा. श्राउडला कुठेही लागत असेल तर श्राउड तेवढा खाली सरकवून नव्याने धरा. खालची होज कुठे दुमडली नाही ना तेही बघा, एप्रिल-मेच्या उन्हात त्याचं उत्तर लगेच मिळतं.

पेट्रोलच्या नळीला रेडिएटरची होज लावणारे आहेत. ती पेट्रोलने फुगून फुटते. पेट्रोलसाठीचीच होज घ्या, दोन्ही टोकांना क्लिप, आणि उतार टाकीकडेच राहील असं बघा, नाहीतर पंपावर भरताना पेट्रोल उलटून बाहेर येतं.

गिअरचे दांडे गिअरबॉक्सवर असल्यामुळे गाडीत बसल्यावर ते एक इंच बुटके वाटतील. सगळे गिअर, रिव्हर्ससकट, आणि फोर-व्हील हाय, लो टाकून पाहा. दांडा फरशीच्या कडेला टेकत असेल तर गिअर नीट बसत नाही आणि झटक्यात सुटतो. क्लच, अ‍ॅक्सिलरेटर, हँडब्रेक नव्याने अ‍ॅडजस्ट करा.

बंपर चासीवर असतो, त्यामुळे त्याच्या आणि ग्रिलच्या मध्ये फट दिसेल. ती दिसायला खटकते, पण त्यासाठी कामचलाऊ ब्रॅकेट लावून बंपर वर घेऊ नका.

१०. घट्ट करणे आणि पहिल्या फेऱ्या

गाडी चारही चाकांवर सपाट उभी असताना, मधल्या माउंटिंगपासून बाहेरच्या दिशेने, डावं-उजवं आलटून पालटून बोल्ट घट्ट करा. टॉर्क सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहून, टॉर्क पान्यानेच. प्रत्येक बोल्टच्या माथ्यापासून वायसरवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढा. पुढे कधीही बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते, पाना न लावता कळतं.

इंजिन सुरू करण्यापूर्वी स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, सोबतच्या माणसाला शाफ्टकडे बघायला सांगा. मग एक पुढचं चाक भक्कम ठोकळ्यांवर चढवून पुन्हा पूर्ण फिरवा. टायर सरळ उभ्या गाडीत घासत नाही, पाटा दबल्यावर घासतं. तिरकं दबल्यावरही मडगार्डला, पाट्याला किंवा चासीला लागत नसेल तरच मोठे टायर कायमचे बसवा.

पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, ब्रेक तपासत, सावकाश. शंभर-दीडशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, रबरं बसतात आणि बोल्ट थोडे ढिले होतातच. काळ्या मातीत पहिल्यांदा जाऊन आल्यावर गाडी खालून धुऊन परत एकदा. त्यानंतर दर सर्व्हिसिंगला मेकॅनिकला आठवणीने सांगा, कारण बॉडीचे बोल्ट तपासायची त्याला सवय नसते.

स्पीडोमीटर आता कमी दाखवेल. २१५/७५ वर काटा ६० वर असताना गाडी साधारण ६३ ने धावते, २३५/७५ वर जवळपास ६६ ने. बायपासवर कॅमेऱ्याखालून जाताना हा फरक धरूनच चालवा. हेडलाइटही एक इंच वर गेलेले असतात, म्हणून अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करून लो बीमचा झोत खाली घ्या आणि मगच रात्री हायवेला लागा.